काळजाची बाजू

चमच्यावरचा भोपळ्याचा तुकडा तिनं दिव्याच्या उजेडात धरला, इकडून तिकडून पाहिला आणि परत ताटात ठेवला.

"दात न आलेल्या बाळाला भरवतात हे," ती म्हणाली. "आपल्या घरात बाळ आहे का कुणी?"

सून भात वाढत राहिली. मुलानं मान खाली घालून दुसऱ्यांदा भोपळा घेतला. दिवसभर दुकानात मांस तोडणारा दांडगा गडी, आणि ताटात भोपळा, मसूर, पालक. टेबलाच्या टोकाला तिचा म्हातारा बसला होता. मुलाच्या हाती देण्याआधी चाळीस वर्षं त्या दुकानात त्यानंच सुरा चालवला होता. आता तो शिक्षा भोगल्यासारखं गाजर चावत होता.

"खाटकाच्या घरात कोबी," ती म्हणाली. "सोनाराच्या बायकोनं पितळ मिरवावं तसं."

"आई, बाबांच्या छातीसाठी आहे ना सगळं," सून म्हणाली. "आणि वीस मिनिटांत होतं. चिरलं, एका भांड्यात टाकलं, झालं. मला कामावरून यायलाच सहा वाजतात."

"वीस मिनिटांत माझा कांदासुद्धा भाजून व्हायचा नाही."

"म्हणून तर आपण नऊला जेवायचो," मुलगा पुटपुटला.

"तू गप. तुझी ही छाती भोपळ्यावर नाही भरली."

म्हातारा हलकेच कण्हला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. उजव्या बाजूला. तिनं ते पाहिलं. जन्मभर जनावरं सोललेल्या माणसाचं दुखणंसुद्धा वाट चुकतं की काय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजारी माणसाला काय बोलायचं, म्हणून तिनं जीभ आवरली. तिच्या जिभेला ही सवय नवीन होती.

दीड महिन्यापूर्वी दोघांनाही तपासायला नेलं होतं. खरं तर जिना चढताना दम लागला होता तिला. पण या वयात जिना कुणाला सोडतो? रक्त दोघांचं घेतलं. कागद आणायला म्हातारा एकटा गेला आणि परत आला तो पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. मग सुनेनं सांगितलं, बाबांच्या हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात. मांस बंद, तळलेलं बंद, भाज्या दुप्पट, आणि घरात सगळ्यांनी तेच खायचं, म्हणजे त्यांना जड जाणार नाही. तिला नुसती गुडघ्यांची गोळी. ती गोळी ती रोज रात्री मुठीत घ्यायची आणि खिडकीतल्या कुंडीत खुपसायची. हे खा नि ते खाऊ नको असं तिला सांगणारा अजून जन्माला यायचा होता. हे ती इतक्यांदा बोलून दाखवायची, की घरात सगळ्यांना ते पाठ होतं.

पण म्हातारा वाळत चालला होता. त्याच्या सदऱ्याच्या गळ्यात आता तिची दोन बोटं सहज गेली असती. दुखण्यानं जाईल तेव्हा जाईल, हा माणूस आधी कोबीनंच जायचा, असं तिला वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. म्हातारा फिरायला गेला. तिनं चपला घातल्या आणि जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या दुकानातून मांस घेऊन आली. नाक वर करून गेली, नाक वर करून आली. त्या दुकानदाराला तुकडे करायची अक्कल नव्हती, तेही तिनं त्याला तिथंच ऐकवलं. दोन वाट्या रस्सा पोटात गेला की म्हातारा उठून बसेल. मग बघू सुनेची वीस मिनिटं.

कांदा चिरून झाला. मिरे हवे होते. सुनेनं डबे कुठल्या कुठे हलवलेले. तिनं एकेक कपाट उघडलं. वरच्या कपाटाला हात पुरेना, म्हणून ती पाटावर चढली. तेवढ्यानंही धाप लागली. ती कपाटाच्या दाराला धरून उभी राहिली, आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद तिच्या नाकासमोर आला.

छापील कागद. ओळीच ओळी, खाली चौकटी. प्रत्येक चौकटीत निळ्या पेन्सिलीची एक खूण, दिवसाला एक. काल रात्रीचीही. छापलेलं तिला काही वाचता येत नव्हतं. पण वरच्या मोकळ्या रेघेवर त्याच निळ्या पेन्सिलीनं तीन अक्षरं लिहिली होती.

पहिल्याला पोट. दुसऱ्याला आकडा. तिसऱ्याच्या शेजारी उभी काठी.

दुकान तिच्याही नावावर करायचं ठरलं, तेव्हा म्हातारा तरुण होता. "माझी बायको अंगठा लावणार नाही," असं तो म्हणाला होता. मांस बांधायच्या कागदावर, कानामागच्या निळ्या पेन्सिलीनं, त्यानं तिला तिचं नाव तेवढं लिहायला शिकवलं होतं. "हा बघ आकडा. मांस टांगतो ना आपण, तसाच." त्या तीन अक्षरांपुढं तिची शाळा कधी गेली नाही.

ती पाटावरून उतरली आणि त्याच पाटावर बसली. पुढ्यात चिरलेला कांदा सुकत चालला.

मग ती उठली. मांसाचा पुडा तसाच उचलून तिनं शेजारणीचं दार वाजवलं.

"हे काय, आज तुम्ही आम्हाला?" शेजारीण म्हणाली.

"घे. आमच्याकडे ह्यांना चालत नाही."

संध्याकाळी सून आली तेव्हा चुलीवर भांडं होतं. कोबी, गाजर, घेवडा, मसूर. आणि कांदा मात्र लाल होईतो भाजलेला, तेल चमचाभरच. सून पिशवी हातात धरून दारातच थांबली.

"आई, तुम्ही केलंत?"

"तुझ्या हातचं खाऊन जिभेला बुरशी आली. बस."

जेवताना तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं. मुलानं बापाकडे पाहिलं, बापानं सुनेकडे. कुणी काही विचारायच्या आत तिनं हात पुढे केला.

"गोळी दे."

सुनेनं दिली. तिनं ती जिभेवर ठेवली आणि सगळ्यांदेखत पाण्याचा घोट घेतला. कुंडीकडे वळूनही पाहिलं नाही.

म्हातारा गडबडला. काय करावं सुचेना, तेव्हा रोजच्यासारखा हलकेच कण्हला आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

ती वाकली. त्याचं मनगट धरून तिनं तो हात उजवीकडून उचलला आणि डावीकडे नेऊन ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "पोरं बघतायत."

मग तिनं त्याला आणखी दोन डाव कोबी वाढला.