चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

राजीनाम्याची चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून मी तीन दिवस फिरत होतो. चिठ्ठीत एकच ओळ होती: उजवा हात चालत नाही, माझ्या जागी दुसरा माणूस बघावा. रविवारी ती आमच्या रायफल क्लबच्या संयोगिता मॅडमना द्यायची होती.

सव्वीस वर्षं मी फौजेत बंदुका दुरुस्त केल्या. निवृत्त झालो तसं क्लबच्या परवान्यात माझं नाव लागलं आणि नेमबाजांची काडतुसं पुन्हा भरायचं काम माझ्याकडे आलं. गोळी सुटली की पितळेची पुंगळी फुगते. तिला धुऊन, वंगण लावून प्रेसमधल्या पोलादी साच्यात घालायची आणि दांडा ओढून मूळ मापावर आणायची. हे मी गप्पा मारत करायचो. दिवाळीत अर्धांगाचा हलका झटका आला आणि हात महिनाभर लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बरा झाला. मलाही तसंच वाटत होतं. मग काम पुन्हा सुरू केलं, तर दांडा हलेना.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं आधी साच्याला शिव्या घातल्या. साचा साफ केला, फिरवून अर्धा आटा वर घेतला, वंगण बदललं, पुंगळ्यांचं माप घेतलं. सगळं जागच्या जागी. मग उरला माझा हात. हे काम गेलं तर सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न होता. बायकोला, शालूबाईला, यातलं काही सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती.

बुधवारी एक पुंगळी साच्यात अशी अडकली की ओढताना तिच्या बुडाची कडच फाटली. प्रेस, साचा आणि पुंगळ्यांची पिशवी रिक्षात घालून शिरोली एमआयडीसीत आकारामकडे गेलो. आकाराम शालूबाईचा भाचा, लेथवर पितळेच्या बुशा कातणारा. त्यानं अडकलेली पुंगळी काढली आणि पिशवीतली दुसरी घेऊन अंगठ्यानं चोळली.

"मामा, ह्या चिंचेनं घासल्यात की."

"तुला कसं कळलं?"

"गुलाबी पडल्यात. आमच्या आईचा तांब्या असाच दिसतोय. अवो, उघडं पितळ पोलादाला चिकटतंय. बंदुकीच्या धुराचा पातळ थर आत ऱ्हाऊ द्या, त्योच सरकवतोय."

त्यानं प्रेस टेबलाला आवळला आणि स्वतः दांडा ओढला. पैलवानी अंगाचा गडी, पण लाल झाला. "मला बी जाईना," म्हणाला. पिशवीच्या तळाशी गेल्या सालची एक काळपट पुंगळी सापडली. ती मी लावली, दांडा ओढला आणि ती सरळ आत गेली. माझ्याच उजव्या हातानं. डोळ्यांत पाणी आलं ते शेजारच्या कारखान्यातल्या भट्टीच्या धुराचं म्हणून खपवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. झटका आल्यापासून रिकाम्या पुंगळ्या शालूबाईच धूत होती. मी समजत होतो साबणानं. पहिल्या खेपेला त्या लखलखत आल्या तेव्हा मी "वा" म्हणालो होतो. फौजेत जन्मभर पट्ट्याची बक्कलं घासलेला माणूस मी, चकाकीवर संशय कशाला घेतोय? पण आता डोकं सणकलं होतं. रिक्षात बसून काय काय बोलायचं ते मी जुळवत आलो.

परसात शालूबाई पाटावर बसली होती. समोर चिंचेच्या कोळाचं भगुलं, देवाची समई, तांब्या, आणि त्यांच्याच रांगेत क्लबच्या पुंगळ्या. सुईला चिंधी गुंडाळून ती एकेक पुंगळी आतून पुसत होती. बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"एवढं कशाला करतीस?" मी जरा जोरातच विचारलं.

"एक्केचाळीस वर्सांत तुमी पयल्यांदा मला वा म्हणालासा," ती मान वर न करता म्हणाली. "म्हटलं, आनी जरा घासावं."

माझी मलाच शरम वाटली. मागं जाऊन चिठ्ठी बंबात टाकली.

तिची चिंच बंद न करता मी तोड काढली. पुंगळीच्या तोंडात साच्याचा पोलादी खुंटा शिरतो, म्हणून तिथं आतूनही काडीनं वंगण लावायचं. एक काम वाढलं, पण दांडा चालू लागला. रविवारी संयोगिता मॅडमनी वंगणाची काडी बघून विचारलं, "काका, हे आधी करत नव्हता?" मी म्हणालो, "नवी पद्धत आहे." त्यांनी मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी शालूबाईनं पिशवी हातात दिली.

"ह्या खेपंला चिंच कमी घातलीया."

"का गं?"

"आकारामचा फोन आलता, तुमी त्येच्याकडं गेलासा त्याच सांजंला."

मी म्हणालो, "कळलं होतं तर बंदच करायचं की."

"तुमी कवा सांगशीला म्हणून वाट बघत हुते. न्हाईच बोललासा." तिनं पदरानं हात पुसले. "मग थोडी घातलीच. तुमाला चकाकल्यालं आवडतंय न्हवं."

मी पिशवी उघडली आणि एक पुंगळी काढून उजेडात धरली. अजून जराशी गुलाबीच होती. दांडा जड जाणार हे दिसत होतं.

"वा," मी म्हणालो.