वेबकॅमने पाहिलेला खोटा साहेब

या मित्रांनो, जरा जवळ सरका. लेकरे अंगणात खेळत असतील तर खेळू द्या. ही गोष्ट मोठ्यांची आहे. कीर्तनाला बसतो तसे बसा. एका बाईचे नाव एका दुपारी कसे जाता जाता वाचले, ते मी सांगतो. मी तिथेच होतो. डोळे मिटून घ्यावेत असे फार वाटले, पण मला पापणीच नाही.

मी एक जुना वेबकॅम. सुपारीएवढा डोळा, खाली चिमटा, मागे काळी शेपटी. कारखाना काही आठवत नाही. पहिली आठवण मोहाडीच्या एका देवळातल्या सप्ताहाची. परगावी नोकरीला गेलेल्या पोरांना घरबसल्या कीर्तन दिसावे, म्हणून मंडळाने मला भंडाऱ्याच्या बाजारातून आणले. काय ते दिवस! बुवा गाता गाता एक पाऊल पुढे टाकत, मागे टाळकरी झुलत आणि मृदंगाची थाप पडली की माझी काचसुद्धा थरथरे. लोक म्हणत, "वा, का साफ दिसते!" मग मंडळाने मोठा कॅमेरा घेतला. मी सतरंज्यांच्या पेटीत गेलो. दोन वर्षे तिथे उंदराच्या लेंड्या आणि मी.

तिथून मला प्रतिक्षाने विकत नेले. वय तेहतीस, नवऱ्यापासून कायद्याने वेगळी झालेली, भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. आई मोहाडीला. प्रौढांसाठीच्या एका वेबसाइटवर ती कॅमेऱ्यासमोर काम करी. पाहणारे दूरदेशीचे, अनोळखी. तिथे तिचे नाव टीना. कपाळाला आठ्या घालू नका, मित्रांनो. बाई सज्ञान होती आणि आपल्या मर्जीने काम करत होती. आपल्या संतांनीही कुणाचा धंदा विचारून देवाचे नाव दिलेले नाही.

तिचे नियम कडक होते. तोंडावर अर्धा मुखवटा. खिडकीला जाड पडदा. फोन नंबर कुणाला द्यायचा नाही, गावाचे नाव ओठांवर आणायचे नाही. मला पुसता पुसता ती म्हणे, "टीना कोण, हे मले ठाऊक अन् तुले." टीना आणि प्रतिक्षा यांच्यामधली ती भिंत पडली असती तर खोली गेली असती, आणि आईला मोहाडीच्या बाजारात मान वर करून चालता आले नसते.

एका दुपारी ती मला नुकतीच जोडत होती, तोच साइटच्या खाजगी खिडकीत निरोप आला. "सायबर पोलीस. दिलेल्या लिंकवर ताबडतोब व्हिडिओ कॉल करा, नाहीतर अटक." असले निरोप ती हसून पुसून टाकी. पण खाली आणखी एक ओळ होती: "सुंदरबाई वासुदेवराव, मोहाडी. आम्हाला सगळे माहीत आहे."

तिचे बोट हवेतच थांबले. सुंदरबाई ही तिची आजी.

"माह्या आजीच्या नावापर्यंत पोचले हे?" ती पुटपुटली. मुखवटा चढवला आणि लिंक दाबली.

पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस. "मॅडम, हलायचं नाही. कॅमेरा बंद केला तर गाडी दारात येईल. कुणाशी बोलायचं नाही."

"साहेब, मी काही गुन्हा नाही केला जी."

"ते आम्ही ठरवू. आधार कार्ड काढा. मुखवटा उतरवा आणि कार्ड गालाजवळ धरा. एक फोटो झाला की केस बंद."

ती उठली. पेटीतून कार्ड काढले. मला ओरडावेसे वाटत होते. अगं, अजून त्याच्या हातात काही नाही! तुझा चेहरा आणि तुझे नाव एकत्र मिळाले, की मग तो खरा साहेब होईल, आयुष्यभराचा! आणि ते दोन्ही त्याच्यापर्यंत नेणारा मीच होतो. तिचे बोट मुखवट्याच्या नाडीत अडकले. नाडी ताणली गेली.

दार धाडधाड वाजले.

"वो पोरी, दार खोल!" घरमालकीण रुखमिणीबाई.

"बोलू नका!" साहेब फुसफुसला.

"आता नको, काकू!" तिच्या तोंडून निघालेच.

"आता नाही तं कवा? बुवा येऊन बसले, महाप्रसादाचं पाणी भराचं हाये. सुंदरबाई दे ना मले!"

प्रतिक्षा जागच्या जागी थिजली. "कोण?"

"अवो, तुह्या फळीवरची सुंदरबाई! गेल्या साली नाही नेली का? बयरी झाली का काय?"

इकडे पितळेच्या भांड्यावर नाव कोरून घेतात. सप्ताहाला सगळ्या आळीची भांडी एका चुलीपाशी जमतात, मग ज्याचे त्याच्या घरी परत जावे म्हणून. बोलताना भांड्यालाच त्या नावाने हाक मारतात. प्रतिक्षाने मागे वळून पाहिले. फळीवर आजीचा गुंड, म्हणजे पाणी भरायचे पितळेचे मोठे भांडे, चिंचेने घासून लखलखीत, आणि पोटावर कोरलेले, "सौ. सुंदरबाई वासुदेवराव, मोहाडी." तिच्या पडद्यावर तिचे चित्र आरशासारखे उलटे दिसे, म्हणून ती अक्षरे कधी वाचली गेलीच नाहीत. पाहणाऱ्यांना मात्र मी ती सुलटी पोचवत होतो. कित्येक महिने! असा मी शहाणा.

ती पुन्हा पडद्यासमोर बसली. कार्ड मांडीखाली सरकवले. दाराआडचे बोलणे साहेबाला नुसती कलकल वाटली होती.

"साहेब, माझं नाव काय म्हणाले तुम्ही?"

"सुंदरबाई, नाटक बंद करा. कार्ड दाखवा."

"सुंदरबाई तं अकरा वर्षांआधी वारली जी. जाता का वर, पकडाले?"

साहेबाने पुढे काही म्हणायच्या आत तिने कॉल तोडला.

मग तिने त्याच्या निरोपांचे फोटो जपून ठेवले, त्याला साइटवर ब्लॉक केले, साइटच्या स्वतःच्या पानावरून तक्रार केली आणि १९३० या सायबर मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. खरे पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, असे तिकडून सांगितले, तेव्हा कुठे ती रडली.

दार उघडले तेव्हा मुखवटा हातातच होता. रुखमिणीबाईने तिच्याकडे पाहिले, मुखवट्याकडे पाहिले, माझ्याकडेही.

"का झालं वो?"

"एक माणूस डरवून रायला होता, काकू."

"कायले?"

प्रतिक्षाने मुखवटा पाठीमागे नेला.

"नसन सांगाचं तं नको सांगू," बाई म्हणाली. "पण एकटीनं डरत नको बसू. अन् तो गुंड उचल, माह्याकडून नाही होत."

आता माझ्यासमोर कोरी भिंत असते. काम संपले की प्रतिक्षा माझ्या डोळ्यावर टिकली चिकटवते. मित्रांनो, माझे सांगणे एवढेच आहे. जो म्हणतो, 'कुणाला सांगू नका, घाई करा, ओळखपत्र दाखवा,' तो कुठल्याही कपड्यात येवो, तो चोरच. आणि कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी आपल्या मागे काय आहे, ते एकदा वळून वाचा.

पण इथला कॉल तुटताच त्या माणसाने लगेच दुसरीकडे लावला असणार. तिथेही एक खोली असेल, एक बाई असेल, हातात कार्ड असेल. आणि तिच्याकडे काही मागायला त्या वेळी कुणीच आले नसेल. तिचे नाव मला ठाऊक नाही. आज कीर्तनाला जाल, माथा टेकाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.