मुठीचं धान्य

उपासना संपली, माणसं पांगली, तेव्हा उद्धवरावांनी मेजासमोरचं पोतं एका हातानं उचलून दाखवलं.

"बघा चिमाजी. पावसाळ्यात हेच उचलायला दोघं लागायचे."

चिमाजीनं पोत्याला हात लावून पाहिला. खरंच हलकं होतं.

चिंचवड स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या खोलीत भरणारी ती ख्रिस्ती मंडळी लहानच होती. बहुतेक घरं कामाच्या आशेनं नगरकडून आलेली. रोज स्वयंपाक करताना प्रत्येक बाईनं मूठभर ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची आणि शनिवारी सोजराबाईंनी ती घरोघर फिरून गोळा करायची, अशी रीत होती. एखादं घर अडलं तर पंच बसून ठरवत, आणि रविवारी सगळ्यांसमोर नाव पुकारून धान्य देत. उद्धवराव पंचांतले थोरले.

"सोजराबाई एकटी, विधवा. आणि परवा नवं लुगडं नेसून आली होती," ते हळूच म्हणाले.

"कुठनं आलं?"

"ते तुम्ही बघा. झडती घ्यायचं कामच आहे तुमचं."

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. तिथं सुटलेल्या कामगारांचे खिसे, डबे, टोप्या चिमाजी गेटवर चाचपून बघायचा. घरी आल्यावरही त्याची नजर तशीच राही. बायको बाजारातून आली की तिच्या पिशवीत तो आधी हात घाली. सोजराबाईंचं लुगडं आता त्याच्या डोक्यातून जाईना. बाई गोड बोलते, कुणाच्याही चुलीपर्यंत जाते. अशीच माणसं सापडतात शेवटी, त्याला वाटलं.

शनिवारी सकाळची शिफ्ट संपवून तो तिच्या मागावर निघाला. स्टेशनाजवळच्या चाळीतून ती बाहेर आली तेव्हा पिशवी फुगली होती. काळेवाडीत आणखी जड झाली. बाई वाकून चालायला लागली. मग ती रहाटणीच्या रस्त्याला लागली. तिथं आपल्या मंडळीचं एकच घर होतं, चिमाजीच्या मुलीचं. सलोमीचं.

तो बाभळीआड उभा राहिला. बाई आत गेली, दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा पिशवी तिच्या खांद्यावर फडक्यासारखी लोंबत होती.

चिमाजी बाभळीआडून पुढं सरसावला. माल इथं लपवते, मागाहून विकते. आणि त्याच्याच मुलीच्या घरात. म्हणजे सलोमीही सामील.

"सोजराबाई, थांबा. पिशवी दाखवा."

बाईनं पिशवी पुढं केली. चिमाजीनं कोपरापर्यंत हात घातला. तळाशी थोडी ज्वारी होती.

"बाकीची कुठं गेली?"

"जिथं लागत हुती तिथं."

"सलोमीकडं कशाला लागंल? जावई तळेगावला कामावर जातो."

सोजराबाईंनी पिशवीचं तोंड गुंडाळलं. "इथलं बांधकाम सरलं तवापासून शांतवन घरी बसलाय, चिमाजीभाऊ. सकाळी डबा घेऊन निघतो, गवंडीकाम न्हाई म्हणून नाक्यावर हमालीला उभा राहतो, त्येबी न्हाई मिळालं की तिन्हीसांजेला परत येतो."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"मीबी त्येच म्हणाले. तर म्हणाली, बाबांना कळू देऊ नका. गेल्या नाताळात तुमचं घड्याळ घावंना, तर पाव्हण्यांम्होरं जावयाचे खिसे उलटे केले तुमी. घड्याळ उशाखाली निघालं. त्यो माणूस अजून तुमच्या उंबऱ्याला चढला न्हाई."

चिमाजीनं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "पंचांकडं मागायचं."

"नाव पुकारत्यात. उपाशी राहतील, पण रविवारी उभे न्हाई राह्यचे. म्हणून पिशवी घेऊन मी सगळ्यांच्याच दारात जाते. कुणाकडं भरते, कुणाकडं रिकामी हुते. बघणाऱ्याला वाटतं, बाई गोळा करायला आली." ती जायला निघाली. "लुगडं भावानं घेतलं. ईचारायचं असंल तर खेडला हाय त्यो."

ती गेल्यावर चिमाजी सलोमीच्या दारात गेला. ती जात्यावर बसली होती. बापाला पाहून दचकली आणि पदरानं सूप झाकलं.

"सलाम, बाबा. आज इकडं कसं?"

"सहज आलो. शांतवन?"

"तळेगावला. ओव्हरटाइम हाय."

भिंतीच्या खुंटीला शांतवनची थापी आणि ओळंबा लटकत होता. चिमाजीला ते आत येतायेताच दिसलं होतं. बापाची नजर कुठं गेली ते सलोमीनं पाहिलं आणि ती उठून खुंटीपुढं उभी राहिली.

"बरं चाललंय म्हणजे," चिमाजी म्हणाला.

"व्हय. जेवूनच जा."

नको म्हणावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो हात धुऊन बसला. तिनं गरम भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. दुसरी भाकरीही तिनं आग्रहानं वाढली, आणि त्यानं ती संपवली.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव वाट बघतच होते. "काय निघालं?"

"झडती घेतली. काही नाही सापडलं."

"मग पोतं कमी का भरतं? माझा नाही विश्वास बसत. पुढच्या शनिवारपासून आमच्या हिला पाठवतो तिच्याबरोबर."

"त्यांना कशाला त्रास," चिमाजी म्हणाला. "मी जातो. मला सवय आहे."

उद्धवरावांना ते पटलं.

शनिवारी तो सोजराबाईंबरोबर चाळीतून हिंडला, काळेवाडीत हिंडला. जड झालेली पिशवी रहाटणीपर्यंत त्यानंच वाहिली. बाभळीपाशी आल्यावर ती त्यानं बाईंच्या हातात दिली.

"तुमी न्हाई येत?"

"तुम्ही जाऊन या."

सोजराबाई दाराशी पोचल्या तसा तो वळला, आणि सलोमीच्या घराकडं पाठ करून नदीकडं बघत उभा राहिला.