तुलनेचं गाव

खैरखेडे बुद्रुकला शेळ्या मिळाल्या, शिलाईची मशिनं मिळाली, ठिबकच्या नळ्या मिळाल्या. टेकडीच्या अलीकडे खैरखेडे खुर्द. त्या गावाला अनुज मिळाला.

अनुज म्हणजे जळगावच्या जवरीलाल शेठचा नातू. दुकानाची गादी सोडून पुण्याच्या एका संस्थेत खेड्यांच्या विकासाचा अभ्यास करायचा. वर्षातून दोनदा यायचा, विहिरींत टेप सोडून पाणी मोजायचा, दारोदार तेच चाळीस प्रश्न विचारायचा आणि जेवायला लोटन आबांकडे थांबायचा. पहिल्याच भेटीत त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आबा, योजना बुद्रुकला आहे. तिने फरक पडतो का, हे कळायला योजना नसलेलं एक गाव लागतं."

"खताची कंपनी दोन ओळी बिनखताच्या सोडते, तसं," लोटन आबा म्हणाले.

अनुज ओशाळला. "तसंच. पण फरक दिसला तर तीन वर्षांनी योजना दहा गावांना जाईल. त्यात पहिला नंबर तुमचा."

म्हणून गाव थांबलं. ठिबक आलं की अर्धा एकर केळी लावायची, हे आबांनी मनात धरून ठेवलं. बुद्रुकचा कोणी शेळ्यांचं कौतुक करू लागला की खुर्दची माणसं म्हणत, "आम्ही असे राहिलो म्हणून तुमच्या शेळ्या उठून दिसतात." आबांची बायको प्रमिलाबाई मात्र अनुज सगळं मोजून गेला की म्हणायचीच, "हाऊ पोऱ्या बठ्ठं मोजस, पन देस काय?"

तिसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या सुकदेवची विहीर आटली, मग शाळेजवळची. गावाने नाल्यावर दगडमातीचा बांध घालायचं ठरवलं. घरटी एक माणूस, ट्रॅक्टर आळीपाळीने, आणि पुढे लोटन आबा. चौथ्या दिवशी अनुज आला. बांध पाहून दगडावर बसला.

"आबा, एक वर्ष दम धरा. मार्चमध्ये शेवटची मोजणी आहे. तुमच्या विहिरी भरल्या तर फरक दिसणार नाही. दारात आलेली योजना परत जाईल."

"आम्ही तहान्या राहसूत, तवय योजना येई का रे भाऊ?" प्रमिलाबाईने डोक्यावरची पाटी न उतरवता विचारलं.

आबांनी कोरड्या नाल्याकडे पाहिलं. केळीचा विचार त्यांनी तिथेच सोडला आणि फावडं उचललं.

"तू लिहून घे, आम्ही बांध घातला म्हणून."

"त्याला रकाना नाही, आबा."

मार्चमध्ये खुर्दच्या विहिरींना पाणी होतं. बुद्रुकचं पीक वाढलं होतं, खुर्दचंही जवळजवळ तितकंच. 'योजनेतून काय मिळालं?' या प्रश्नाला खुर्दच्या घराघराने खरं तेच सांगितलं: काही नाही. अनुजने बांधाविषयी शेवटच्या कोऱ्या जागेत दोन ओळी लिहिल्या. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी आकडे तेवढे वाचले. अहवाल निघाला: योजनेने फरक पडत नाही. खुर्दने काहीही न घेता तेवढीच प्रगती केली. सबब, दहा गावांनाही काही देऊ नये.

मात्र काही न मिळता सुधारायचं कसं, ते बघायला त्या गावांच्या माणसांना गाडीत घालून खुर्दला आणलं. साहेबांनी आबांना शाल दिली आणि शाळेच्या फळ्यावर आलेख काढायला घेतला. बांध पाहणं कार्यक्रमात नव्हतं.

धुळ्याकडून आलेला भाईदास आबांजवळ सरकला. "तुमनामुळे आमन्या शेळ्या गयात, आबा."

"मन्ही केळी बी गई," आबा म्हणाले. "चाल, तुले बांध दखाडस."

साहेब आलेखात गुंतलेले. दोघे मागच्या दाराने निघाले. भाईदासने बांधाची माती टाचेने दाबून पाहिली, दगड हलवून पाहिले, माणसं किती लागली, दिवस किती लागले ते विचारलं. मग जवळपास कोणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "आमनाकडे बी असाच नाला शे. आम्ही बांधसूत. पन पुढली योजना येस तोपावत कोनले सांगू नका."

आबांनी मान डोलावली आणि जादा पाणी वाहून जायला बांधाच्या कडेला किती जागा सोडायची, ते त्याला दाखवू लागले.