डबल स्टँडचा टेका

मी मागे बसले की गाडी टण्ण वाजायची. हे एकटे बसले की गप्प. आता माणसाने याचा अर्थ काय लावायचा?

यांची गाडी आमच्या लग्नाआधीची. सायलेन्सर गंजून गळाला म्हणून यांनी बाजारातला तयार, चकचकीत सायलेन्सर आणून बसवला. जुन्यावर एक छोटा रबरी ठोकळा होता. वर केलेला डबल स्टँड त्याला टेकायचा. नव्यावर तो नाही, त्यामुळे स्प्रिंगने ओढलेला स्टँड थेट सायलेन्सरवर आपटायला लागला. माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज आहे. त्याने एक लोखंडी पट्टी वाकवली, टोकाला रबर लावलं आणि मागच्या फूटरेस्टच्या बोल्टातच ती अडकवली.

"झाला टेका, दाजी. आयता बोल्ट मिळाला," म्हणाला.

हे चक्कर मारून आले. आवाज नाही. मग मी बसले, आणि कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात टण्ण.

"वजन पडतंय, ताई," भाऊ म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता.

मला काही सुचेना. पुढे सरकून बसले, टण्ण. पर्स घरी ठेवली, टण्ण. रात्रीचं जेवण सोडलं, तरी टण्ण. आवाज गाडीचा की माझा, तेच कळेनासं झालं. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. दरवर्षी आम्ही जोडीने जातो. हे पेपरामागून म्हणाले, "या खेपेला तू बसने ये." लग्नापासून ती मागची सीट माझी, आणि आता रबराच्या एका तुकड्यापायी ती जात होती. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो.

तशीच यांना घेऊन गॅरेजात गेले. भावाला म्हटलं, "तू हँडल धर. आणि अहो, तुम्ही मागे बसा."

"मी? मागे?"

"तुमचं वजन माझ्याहून कमी आहे ना? बसा."

टॉर्च घेऊन मी खाली वाकले. हे सीटवर बसले. काही नाही. स्टँड रबराला टेकून शांत. माझं अवसानच गळालं. म्हणजे दोष खरंच माझा.

"अगं, पाय कुठे ठेवायचे?" वरून यांनी विचारलं.

"मी ठेवते तिथे."

यांनी फूटरेस्टवर पाय दाबले. त्यासरशी पट्टी तिरकी झाली, रबर वर उचललं गेलं आणि त्याच्यामागोमाग स्टँड. टण्ण.

भाऊ वाकून बघतच राहिला. हे एकटे जातात तेव्हा त्या फूटरेस्टवर पायच नसतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याने पट्टी काढली आणि वेगळा क्लॅम्प लावून चेसिसच्या पाइपला आवळली.

"वजनाचं काही नव्हतं, ताई," तो पुटपुटला. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

हे अजून मागेच बसून होते. चेहरा गोंधळलेला.

"अगं, मी पुढे असलो की तुला इथून समोरचं काहीच दिसत नसणार. खड्डा आलेला तुला कळतो कसा?"

"कळत नाही. तुमची पाठ ताठ झाली की मी पाय रोवते."

हे हळूच उतरले. रविवारी आम्ही जोडीने निघालो. गाडीचा आवाज नव्हता, पण कोपरा आला तसे हे मान वळवून म्हणाले, "खड्डा आहे हं."