तळमजल्यावरचा क्लास

जोमा पाटलांनी शिरवण्याच्या खाडीकाठी भात पिकवले. जमिनी संपादनात गेल्या तेव्हा त्यांचे चिरंजीव कमळाकर तळोज्याच्या रासायनिक कारखान्यात लागले. कमळाकरांचा मुलगा मिथुन याने मोबदल्याच्या भूखंडावर पाच मजली इमारत उभी केली आणि तो भाड्यावर सुखी झाला. त्या मिथुनची मुलगी भाविका. जमिनीवाचून आणि भाड्यावाचून, केवळ शिकून पोट भरण्याचा विचार या घरात करणारी ती पहिली.

कमळाकर वारले, तरी इमारतीतले पान त्यांच्या पत्नी सगुणाबाईंच्या शब्दावाचून हलत नसे. मान खाली घालावी असा एकच माणूस त्यांना माहीत होता, कमळाकरांच्या कारखान्यातला, साताऱ्याकडचा ज्ञानू. कारखान्याच्या टाकीत उतरलेले कमळाकर वायूने बेशुद्ध पडले, तेव्हा सगळे लांब उभे राहिले. ज्ञानू तेवढा आत उतरला. कमळाकर वाचले, ज्ञानूची छाती मात्र कायमची अधू झाली. पुढे सगुणाबाईंनी कितीदा काही देऊ केले, त्याने एकदाही हात पुढे केला नाही. न मागणाऱ्याचे देणे किती जड असते, हे त्यांना वर्षानुवर्षे कळत गेले.

तोच ज्ञानू बारावी झालेल्या नातवाला घेऊन जिना चढून आला.

"वैनी, आज मागाया आलोय," तो धापा टाकत म्हणाला. "ह्या राजवर्धनला कंप्युटरचं शिकायचंय. आमच्या घरात त्यातलं कुनाला कळतंय? तुमी सांगाल तसं करू."

"मागनं कसलं, भावजी! तुमचा नातू तो माजा नातू."

भाविकाचे ठरले होते. "मी वाशीला बीएस्सी आयटी घेतेय. राज, तूही घे. डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदम, पाया तर हवा."

"तीन वर्षं?" राजवर्धन फणकारला. "तुमच्या तळमजल्यावरच्या क्लासातच सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट मिळतंय. वर बँकॉकला नोकरी. गल्लीतला रूपेश गेला की पहिल्या बॅचमधून."

"सहा आठवड्यांत धड कोड वाचायलाही हात बसत नाही, राज."

"क्लास खोटा असता, तर आजींनी आपल्या बिल्डिंगीत ठेवला असता?"

सगुणाबाई सुखावल्या. शिरवण्यात लोक क्लासची पाटी वाचत नसत. जागा कोणाची ते विचारत. पाटलांची म्हटल्यावर पुढचा प्रश्न उरत नसे.

"शिकू दे त्याला खालीच," त्या म्हणाल्या. भाविकाने तोंड उघडले, पण आजीचा शब्द पडला होता.

त्यानंतर तळमजल्याच्या काचांना आतून काळा कागद लागला. राजवर्धन आनंदात होता. एके संध्याकाळी त्याने भाविकाला फोनवर गृहपाठ दाखवला: आपण कॅनडातली एकटी विधवा आहोत असे समजून अनोळखी पुरुषाशी इंग्रजीत गोड बोलत राहायचे.

"यात प्रोग्रॅमिंग कुठंय?"

"सर म्हणतात, आधी क्लायंट हँडलिंग. तुला काय कळतंय!"

भाविकाने हे आजीला सांगितले. सगुणाबाई विचार करत असतानाच रूपेशची आई गोजरा दारात आली. तिने फोन पुढे धरला. त्यावर लिहिले होते, 'आई, मी येथे अत्यंत समाधानी आहे. माझ्या मित्रांनाही पाठव.'

"माजा रूप्या मना 'आये' बोलतं," गोजरा म्हणाली. "ह्यो 'अत्यंत' कुनाचा, काकी? फोन केला त उचलीत नाय."

 सगुणाबाईंनी मिथुनला हाक मारली. "खालच्याचा कागद किती महिन्यांचा?"

"तीनच. भाडं सगळं आधीच दिलं त्याने, म्हणून अकरा महिन्यांचा आग्रह धरला नाही."

"तीन महिन्यांत जानारा मानूस दिवाळीच्या बॅचचं नाव लिवून घेतो? आनि भाडेकरूची पोलिसांत नोंद?"

नोंद मिथुनने केली नव्हती. भाडे आगाऊ मिळाले, म्हणून पाटलांनी माणूस तपासला नव्हता. पाटलांनी ठेवला, म्हणून गावाने क्लास तपासला नव्हता. राजवर्धनचे विमान दुसऱ्या सकाळचे होते.

मिथुनला पोलीस चौकीत पिटाळून सगुणाबाई खाली उतरल्या आणि क्लासच्या दारात आडवी खुर्ची टाकून बसल्या. आतली मुले वळून बघू लागली. इस्त्रीच्या शर्टातले सर हसत आले.

"आजी, ॲग्रीमेंट संपायला आठवडा आहे अजून."

"तुजा आठवडा घे. पोरांचे पासपोर्ट दे."

"ते व्हिसासाठी गेलेत."

"उद्याचं विमान हाय नि पासपोर्ट व्हिसाला गेलेत?"

सरांचे हसू मावळले. ते वाकून हळूच म्हणाले, "मी एकटा नाही, आजी. माझ्या वरच्यांना ही इमारत ठाऊक आहे. तुमची नात कोणत्या रस्त्याने जाते, तेही."

 सगुणाबाईंची खुर्ची हलली नाही. "मंग त्यांना माजं नावबी सांग. सगुणा कमळाकर पाटील."

पोलीस येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. टेबलाच्या खणातून पासपोर्ट निघाले. राजवर्धनचा वरच होता.

"माझी नोकरी घालवलीत तुम्ही!" तो सगळ्यांदेखत ओरडला. पुढे तो पाटलांची गल्ली टाळू लागला आणि भाविकाने पाठवलेला प्रवेशाचा अर्जही त्याने उघडला नाही. सर जामिनावर सुटल्याची बातमी आली. भाविका कॉलेजला जाताना मिथुन तिच्याबरोबर जाऊ लागला.

मग एका दुपारी गोजराचा फोन वाजला. आवाज रूपेशचाच होता, पण अगदी दबका. "आये, राजला सांग, येव नको. इथं दारं बाहेरशी लावतान." पलीकडे कोणीतरी ओरडले आणि फोन बंद झाला. तो नंबर पुन्हा लागला नाही. गोजराने ते बोलणे जसेच्या तसे राजवर्धनच्या घरी जाऊन सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून भाविकाबरोबर वाशीला गेला आणि शेवटच्या यादीत बीएस्सी आयटीला लागला.

त्या संध्याकाळी ज्ञानू जिना चढून आला. सगुणाबाई खिडकीशी उभ्या होत्या. खाली ओट्यावर गोजरा मुका फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"वैनी," ज्ञानू म्हणाला, "कमळाकरदादाचं देनं फिटलं. पुरतं फिटलं. आता माझ्याम्होरं मान खाली घालू नगा."

सगुणाबाईंनी खिडकीतून नजर काढली नाही. "फिटलं, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचं फिटलं."