टोमॅटोच्या ओळीत उत्तरेश्वर

बगलफूट काढायची म्हणजे नक्की काय काढायचं, हे योगीराजला कळेपर्यंत निम्म्या रोपांचं वाटोळं झालं होतं. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून कोवळा फुटवा निघतो, तो मोडायचा, म्हणजे झाड एका खोडावर सरळ वर जातं, असं मोबाईलमधला माणूस हसत हसत सांगायचा. त्याला सांगायला काय जातंय! योगीराज चष्मा सावरत वाकायचा, मोडायचा आणि मग हातात बघायचा, तर फुलांचा घोस. एकदा तर झाड वरच्या तारेकडं चढवायची सुतळी इतकी आवळली की खोडाला करकोचा पडला.

उमरग्याच्या एका कॉलेजात जन्मभर कारकुनी करून तो निवृत्त झाला होता. गावाकडं विहिरीजवळ जमिनीचा एक छोटा तुकडा होता. तिथं आपल्या हातानं भाजीपाला लावायचा, एवढीच त्याची हौस. पण शेती सगळी धाकटा भाऊ उत्तरेश्वर बघायचा, आणि दसऱ्याला तो सोयऱ्याधायऱ्यांसमोर म्हणाला होता, "आण्णा, आधी घरामागं एक ओळ टोमॅटो करून दावा. झाडं वरच्या तारेला टेकली की तुकडा तुमचा. न्हायतर आपलं कागद काळे करीत बसा."

सगळे हसले. योगीराजही हसला, पण ते बोलणं त्याच्या घशाखाली काही उतरलं नाही. भाऊ खोटं बोलला नव्हता, हेच तर दुखणं होतं.

तेव्हापासून घरामागच्या ओळीनं त्याच्या नाकी नऊ आणले होते. आज मोडलेला फुटवा परवा शेजारी नवा भाऊ घेऊन हजर. बोटं हिरवी-काळी व्हायची, साबणाला दाद द्यायची नाहीत. जेवायला बसला तरी ताटाला टोमॅटोच्या पाल्याचा वास.

"रोज मोडायचंच हाय तर लावली कशाला?" बायको, कस्तुराबाई, विचारायची. "झाडं हायती का कैदी?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"तुमास्नी तरी कुठं कळतंय!"

तरीपण झाडं वाढली. सुतळीला वेटोळं घालत घालत मार्गशीर्षात ती तारेपासून वीतभर खाली येऊन पोचली. योगीराज रोज सकाळी तारेखाली उभा राहून मान वर करून बघायचा आणि कुणी नाही असं बघून गालातल्या गालात हसायचा.

आणि त्याच आठवड्यात उत्तरेश्वर पिशवीभर हरभऱ्याची भाजी घेऊन आला. बोटं हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबेनं हुळहुळी झालेली. "वैनी, दोन दिस झालं, बायांसंगं हरभऱ्याचे शेंडेच खुडतोय. ही कवळी भाजी तुमच्यासाठी काढून ठिवली." मग मागच्या दारी जाऊन त्यानं ओळ बघितली आणि भुवया उंचावल्या. "आण्णा, आलीच की वो तारेला!"

योगीराजची छाती दोन बोटं फुगली. भावाला बसायला खुर्ची आणावी, चहा टाकावा म्हणून तो आत गेला. कस्तुराबाई पायरीवर बसून भाजी निवडत होती. उत्तरेश्वर ओळीनं हळूहळू चालत तिला रानडुकरांनी घातलेला धुडगूस सांगत होता, आणि तीही खाली मान घालून व्हय व्हय म्हणत होती.

एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात कप घेऊन योगीराज बाहेर आला आणि जागेवरच थिजला. मातीत कोवळे हिरवे शेंडे पडले होते. पहिल्या झाडाखाली एक, दुसऱ्याखाली एक, असे पार ओळीच्या टोकापर्यंत. आधी वाटलं, शेळी शिरली. पण शेळी इतकी टापटीप खात नाही. टोकाला उत्तरेश्वर बोलतच होता आणि बोलता बोलता त्यानं शेवटच्या झाडाचा शेंडा नखानं टचकन खुडला.

"उत्तऱ्या! हात थांबव!"

उत्तरेश्वर दचकला. त्यानं आपल्याच हाताकडं बघितलं, मग मागं ओळीकडं. "आयला... आण्णा, मला कळलंबी न्हाय. हात आपसूक चालले. शेंडा खुडला की फुटवे फुटतेत ना, हरभऱ्याला, तुरीला..."

"टोमॅटो आहे तो! फुटू नये म्हणूनच तर फुटवे मोडता मोडता माझी कंबर गेली! आणि शेंडाच नाही तर झाड तारेला टेकणार कसं? सांग की, कसं टेकणार?"

चहा हिंदकळून त्याच्या पायावर सांडला, तेही त्याला कळलं नाही. भरल्या ताटात माती पडावी तसं त्याला झालं होतं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी आपल्या हातानं उभं केलं होतं, आणि परीक्षा घेणाऱ्यानंच त्यावर पाणी फिरवलं. राग तर होताच, पण त्याहून जास्त रडू येत होतं.

"म्या हितंच बसलेली," कस्तुराबाई कपाळावर हात मारत म्हणाली, "मलाबी दिसलं न्हाय. जित्याची खोड, दुसरं काय!"

उत्तरेश्वर मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी. तुकडा घ्या, आण्णा. आजच घ्या."

"तसा नको मला! तारेला टेकली म्हणजे घेईन."

रागारागानं तो पहिल्या झाडापाशी गेला आणि मान वर करून बघू लागला. खुडलेल्या जागेखाली, पानाच्या बेचक्यात, करंगळीएवढा फुटवा होता. त्याच्या नजरेतून सुटलेला. एरवी असा एखादा दिसला की तो स्वतःवरच चरफडायचा. दुसऱ्या झाडालाही तसाच होता, जरा बारीक. तिसऱ्याला नुसता कोंब होता, पण होता.

"यालाच शेंडा करायचा," तो पुटपुटला. "पंधरा-वीस दिवस मागं पडू, पण जाईल वर."

"व्हय का? दावा बरं," म्हणत उत्तरेश्वरनं बोट पुढं केलं.

"हात लावू नको! सुतळी धर फक्त."

उत्तरेश्वर सुतळीचं टोक धरून उभा राहिला. थोरला टाचा उंचावून एकेक फुटवा सैल बांधत होता आणि धाकटा त्याच्या मागं मागं सरकत होता. ओळ संपत आली तेव्हा त्यानं चाचरत विचारलं, "आण्णा, झाडं टेकली, तुकडा तुमचा झाला... मंग विहिरीकडं म्या यावं का न्हाय?"

योगीराजनं आधी गाठ मारली. सुतळीत बोट घालून ती सैल आहे का बघितली.

"ये की. पण हात मागं बांधून."

उत्तरेश्वरनं सुतळी खाली ठेवली आणि तिथंच दोन्ही हात पाठीमागं घेतले.